ज्याचा पक्षी त्यानं लावायचा

आमच्या वॉर्डात झाड येणार असं कळलं तेव्हा सगळ्यात आधी नाक मुरडलं ते मी. मी दर्शना, परळच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात मुलांच्या कॅन्सर वॉर्डची इन्चार्ज सिस्टर. एकोणतीस वर्षं नोकरी झाली. चौदा खाटा, एका पाळीला दोन सिस्टर, त्यातली एक कायम दुसऱ्या वॉर्डात पळवलेली. आम्हाला माणूस द्या म्हणून मी तीन अर्ज केले होते. माणूस मिळाला नाही, झाड मिळालं. कोणा देणगीदाराच्या मनात आलं की मुलांच्या भिंती रंगीत असाव्यात, आणि एका सोमवारी जुन्या गिरणीच्या आवारातल्या कुठल्याशा डिझाइन स्टुडिओतून इरावती नावाची मुलगी वही-पेन्सिल घेऊन दारात उभी राहिली.

दादरची, तिशीची, बोलायला मऊ. मला वाटलं, ही दोन फुलपाखरं काढेल, फोटो काढेल आणि जाईल. पण ती बारा दिवस रोज आली. मास्क लावून खाटांशेजारी जमिनीवर बसायची, कारण तिला भिंत मुलांच्या उंचीवरून बघायची होती. सुई टोचताना मूल कुठे बघतं, कोण कशाला घाबरतं, सगळं लिहून घ्यायची. एकदा मला म्हणाली, "सिस्टर, छतावर नुसत्या ट्यूबलाइट आहेत. ही मुलं दिवसभर वर बघत पडलेली असतात." एकोणतीस वर्षांत हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मला तिचा राग आला आणि त्याच दिवसापासून ती आवडायलाही लागली.

लांबलचक आतल्या भिंतीवर तिनं सावर काढली. पानं गळून नुसती लाल फुलं उरलेली, फेब्रुवारीत असते तशी. खोडात एक ढोली, मूल आत बसेल एवढी. औषध तिथे बसून प्यायचं. सलाइनच्या स्टँडना बांबूचा रंग दिला. खाटांभोवतीचे हिरवे पडदे काढले आणि पहाटेचं धुकं छापलेले पडदे लावले. खिडकीकडची भिंत आणि त्यावरचं निम्मं छत म्हणजे आकाश. आणि पक्षी! तांबट, खंड्या, दयाळ, भारद्वाज, नाचण, हळद्या. ॲक्रिलिकचे, स्पिरिटनं पुसता येतील असे, मागे लोहचुंबक. दोन्ही भिंतींत रंगाखाली पत्रा होता, त्यामुळे पक्षी कुठेही बसायचे.

त्याला एक गोष्टही होती, ती इरावतीनं मुलांमध्ये बसून रचली. एका राजाच्या बागेत सावर होती. लांबच्या प्रवासात दमलेले, पंख दुखावलेले पक्षी तिथे उतरायचे, मध प्यायचे आणि अंगात बळ आलं की उडून आपापल्या घरी जायचे. म्हणून नवीन मूल आलं की त्यानं आपला पक्षी निवडायचा, मागे नाव लिहायचं आणि फांदीवर बसवायचा. घरी जायच्या दिवशी तो काढून आकाशात लावायचा. सगळ्या वॉर्डानं टाळ्या वाजवायच्या. नियम एकच होता. ज्याचा पक्षी त्यानं लावायचा, दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही.

कबूल करते, जादू झाली. न जेवणारी मुलं जेवायला लागली. सहा वर्षांचा गौतम आपल्या खंड्यासाठी ताटात चार शितं ठेवायचा आणि सकाळी ती दिसली नाहीत की खूश व्हायचा. शितं मी उचलायची. मोठे डॉक्टरसुद्धा येता-जाता "काय, आज कोण उडणार?" विचारायला लागले. पहिल्या तीन आठवड्यांत पाच पक्षी आकाशात गेले, आणि प्रत्येक वेळी टाळ्या वाजवताना मी डोळे पुसलेत. मास्क असला की ते कोणाला कळत नाही, तेवढं बरं.

चौथ्या आठवड्यात रामू गेला. पाच वर्षांचा, दुपारी जेवणं आटोपल्यावर. ताप चढला, पडदा ओढला, डॉक्टर आले, तासाभरात संपलं. त्याला मागच्या दारानं नेलं, चादर बदलली, पडदा उघडला. आणि तेव्हा मला त्याचा दयाळ दिसला, झाडाच्या खालच्याच फांदीवर.

त्याचं काय करायचं ते कोणी ठरवलेलंच नव्हतं. इतका विचार केलेल्या त्या झाडात ही एकच गोष्ट कोणी धरली नव्हती. मी इरावतीला फोन लावला. ती म्हणाली, "सिस्टर, मी याचा विचारच केला नाही हो." मी तिच्यावर खेकसले. म्हटलं, "कॅन्सर वॉर्डात बारा दिवस बसलीस, आणि विचार नाही केलास?" आणि फोन ठेवल्यावर लक्षात आलं, मी तर एकोणतीस वर्षं बसलेय. मीसुद्धा नव्हता केला.

दयाळ मी दोन दिवस तसाच ठेवला. मुलं विचारायला लागली, "सिस्टर, रामू कुठे गेला?" मी म्हटलं, घरी. "मग त्याचा पक्षी झाडावर कसा?" तिसऱ्या दिवशी मुलं जेवत असताना मी दयाळ काढला आणि आकाशात, वरच्या कोपऱ्यात लावून टाकला. म्हटलं, "घाईत गेला, लावायचा राहिला होता." मुलं गप्प बसली. मला वाटलं, प्रश्न मिटला. वॉर्ड शांत ठेवायची आम्हा सिस्टर लोकांना एवढी सवय असते की वॉर्ड शांत झाला म्हणजे सगळं ठीक आहे असंच आम्ही धरून चालतो.

आता प्राचीचं सांगते. नऊ वर्षांची, वरळीच्या बीडीडी चाळीतली. रक्ताचा कॅन्सर, पण बऱ्या होणाऱ्यांतला. तिचे वडील धम्मपाल बसवर कंडक्टर. पाळी संपली की युनिफॉर्मवरच यायचे. आई घरी तान्ह्या बाळाला घेऊन, त्यामुळे तिला इथे येता येत नसे. प्राची आमच्याकडे असतानाच त्यांची चाळ रिकामी झाली आणि नव्या टॉवरमध्ये तेविसाव्या मजल्यावर घर मिळालं. तिनं ते पाहिलं नव्हतं. रोज वडिलांना विचारायची, "पप्पा, समुद्र नक्की दिसतो ना? की उगाच सांगताय?" तिचा पक्षी हळद्या होता.

ही मुलगी माझी असिस्टंट झाली. म्हणजे मीच केली. अक्षर सुंदर, डोकं तल्लख, आणि मला माणूस नव्हता. दर चार तासांनी चौदा मुलांचा ताप घ्यायचा. तो बंदुकीसारखा थर्मामीटर खरा आकडा देत नाही, काखेतलाच लावावा लागतो, आणि एकेकाला दोन-तीन मिनिटं जातात. म्हणून बरी असली की प्राची हातमोजे घालून माझ्याबरोबर फिरायची. मी थर्मामीटर लावायची, ती आकडा वाचायची आणि तक्त्यावर लिहायची. मी एकदा नजर टाकून सही करायची. हळूहळू मी एकीकडे सलाइन बदलायला लागले आणि ती एकटीच पुढे जायला लागली. नियमात बसत नाही, मला माहीत आहे. मी तिला "धाकटी सिस्टर" म्हणायची आणि ती ताठ मानेनं चालायची.

आमच्या मुलांना ताप म्हणजे काय, हे तिला मीच शिकवलं होतं. औषधांनी रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात. मग साधा जंतूसुद्धा अंगात धुमाकूळ घालतो. ताप दिसला की तासाभरात अँटिबायोटिक शिरेत गेलं पाहिजे. उशीर झाला तर खेळ संपला. हे शेवटचं वाक्य मात्र मी तिला सांगितलं नव्हतं. मुलांना घाबरवू नये म्हणतात.

जूनमध्ये आणखी दोघं गेली. दोन्ही वेळा तेच झालं: ताप, पडदा, रिकामी खाट, आणि दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळी मी चढवलेला पक्षी. त्यानंतर एका दुपारी प्राची तक्ता लिहिता लिहिता थांबली.

"सिस्टर, आकाशात बारा आहेत."

"बरं मग?"

"नऊ जणांनी स्वतः लावले. आम्ही टाळ्या वाजवल्या. तीन तुम्ही लावले."

मी म्हटलं, "कोणी सांगितलं तुला?"

"कोणी नाही. जे तुम्ही लावता त्यांना आधी धुकं येतं." त्या पडद्यांना मुलं धुकं म्हणायची, आम्हीही म्हणायला लागलो होतो. "रामू घरी गेला नाही ना?"

मला तेव्हा खरं सांगता आलं असतं. जवळ बसवून, हात धरून. पण दोन सलाइन संपत आल्या होत्या, एक मूल ओकत होतं, आणि माझा स्वभाव हा असा. मी फटकन म्हटलं, "नसता चोंबडेपणा करू नकोस. तक्ता लिही." तिनं मान खाली घातली आणि लिहिलं. पुन्हा कधी तिनं तो विषय काढला नाही, आणि मी सुटकेचा निःश्वास टाकला.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात तिचा मोठा टप्पा संपला. पेशी वर यायला लागल्या होत्या. डॉक्टरांनी गुरुवारी घरी जायचं सांगितलं. धम्मपाल सोमवारीच पेढे घेऊन आले. मी म्हटलं, "अहो प्राचीचे पप्पा, अजून तीन दिवस आहेत, एवढी कसली घाई?" ते नुसते हसले. खिडकीशी तिचा पलंग लावलाय म्हणाले.

मंगळवारपासून प्राची जरा गप्प होती. मी समजले, घरी जायचं टेन्शन असेल, मुलांना होतं. तक्ता तिच्याच हातात होता. मंगळवारी संध्याकाळी तिच्या नावापुढे अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. बुधवारी सकाळी अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. दुपारी तेच, संध्याकाळी तेच, रात्रपाळीच्या एकट्या सिस्टरसाठी तिनंच लिहिलेलंही तेच. नाडी मात्र त्या दिवशी मी स्वतः मोजली होती, एकशे चोवीस. मी म्हटलं, "काय गं, पळत होतीस काय?" ती म्हणाली, "हो." मी तिच्या मनगटावर बोटं ठेवली होती, पण माझ्या हातात जाड मोजे होते, आणि कोपऱ्यात कोणीतरी मला हाक मारत होतं. आज ती एकशे चोवीस माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. शिकाऊ पोरीनं हे सोडलं असतं तर मी तिला सगळ्यांसमोर झापलं असतं.

गुरुवारी अकरा वाजता सगळे जमले. मुलं खाटांवर उठून बसली. धम्मपाल नवा शर्ट घालून दाराशी उभे होते. प्राचीनं फांदीवरून हळद्या काढला. चालताना तिनं एकदा सावरीच्या खोडाला हात टेकला, मला वाटलं झाडाचा निरोप घेतेय. आकाशाखाली आम्ही स्टूल ठेवलं होतं. ती चढली, हात उंच केला, पक्षी टक्कन पत्र्याला चिकटला. टाळ्या झाल्या. गौतम तर शिट्टी वाजवायचा प्रयत्न करत होता.

तिला उतरवायला मी हात पुढे केला. सोहळा म्हणून हातमोजे काढले होते. तिचा हात माझ्या हातात आला आणि मला चटका बसला.

"प्राची!"

"लावला ना मी?" ती म्हणाली. ओठ कोरडे पडले होते. "मीच लावला. सगळ्यांनी बघितलं."

स्टुलावरून ती माझ्या अंगावरच कोसळली. काखेत थर्मामीटर लावला, एकशे चार. मी ओरडले, डॉक्टर धावले, शिपायानं चाकाची खाट आणली. कोणीतरी सवयीनं पडदा ओढायला गेलं तशी तिनं डोळे उघडले आणि म्हणाली, "धुकं नको. सिस्टर, धुकं नको." आयसीयूकडे नेताना लिफ्टमध्ये मी तिला विचारलं, कधीपासून गं? तिनं दोन बोटं दाखवली. मग थांबत थांबत सांगितलं. ताप लिहिला की धुकं येतं. धुकं आलं की पक्षी तुम्ही लावता. म्हणून लिहिला नाही. गुरुवारी स्वतः लावला की झालं, मग घरीच जायचं असतं.

नऊ वर्षांच्या मुलीनं अख्ख्या वॉर्डाकडे बघून हा हिशेब मांडला होता, आणि त्यात तिची चूक एवढीच की तिनं आमच्या गोष्टीवर पूर्ण विश्वास ठेवला.

शनिवारी दुपारी तीन वाजता ती गेली. जंतू रक्तात पसरले होते. मंगळवारी संध्याकाळी औषध सुरू झालं असतं तर बहुतेक वाचली असती, असं डॉक्टर म्हणाले. मी विचारलं म्हणून म्हणाले. मी लेखी जबाब दिला. तक्ता मूल भरत होतं हेही लिहिलं. चौकशी चालू आहे, व्हायचं ते होईल, त्याची मला भीती वाटत नाही.

भीती धम्मपालांसमोर जायची होती. ते आयसीयूबाहेर बाकावर बसले होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. मला वाटलं, हा माणूस आता माझ्या थोबाडीत मारेल, आणि मारावी असंच वाटत होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"बुधवारी मी तिच्याजवळ बसायला गेलो," ते म्हणाले, "तर म्हणाली, पप्पा, बसमधून आलात, लांब बसा, जंतू असतात. मी हात धुऊन आलो. तर म्हणे, अजून लांब." ते आपल्या तळहातांकडे बघत राहिले. "मला वाटलं, पोरगी नियम पाळते. कौतुक वाटलं मला, सिस्टर. दोन दिवस मी तिला हात लावला नाही."

मी त्यांच्या शेजारी बसले. एवढंच केलं.

सोमवारी मी कामावर गेले. सुटी घे म्हणाले होते, पण घरी बसून काय करणार? इरावती आधीच आली होती. तिला कोणीतरी कळवलं होतं. झाडासमोर उभी राहून ती आवाज न करता रडत होती. म्हणाली, "सिस्टर, मी सगळं काढून टाकते. आजच. पांढरा रंग देते."

मी म्हटलं, "भिंतीला रंग देऊन माझं तोंड गोरं होणार आहे का? तुझं झाड खोटं बोललं नाही, मी बोलले." हे मी जरा जोरातच बोलले असणार, कारण मागे वळून पाहिलं तर सगळी मुलं आमच्याकडे बघत होती. तेरा खाटा भरलेल्या, एक रिकामी. आकाशात हळद्या होता.

गौतम मांडी घालून बसला होता. चार दिवस तो वाट बघत असावा.

"सिस्टर, प्राचीताईनं पक्षी स्वतः लावला ना?"

"हो."

"टाळ्या पण वाजवल्या. म्हणजे ती घरीच गेली ना?"

इरावतीनं माझा दंड धरला. तिला वाटत होतं मी हो म्हणावं. मलाही वाटत होतं. हो म्हटलं असतं तर वॉर्ड शांत राहिला असता.

मी त्याच्या खाटेवर बसले. म्हटलं, "नाही रे बाळा. प्राची मेली." तो शब्द मी एकोणतीस वर्षांत त्या वॉर्डात उच्चारला नव्हता. "रामूपण मेला. ते तीन पक्षी मी लावले ना, ती तिन्ही मुलं मेली, आणि मी तुम्हाला खोटं सांगितलं. पक्षी लावल्यानं कोणी मरत नाही आणि पक्षी लावल्यानं कोणी वाचत नाही. प्राचीला दोन दिवस ताप होता. तिनं लपवला, कारण ती घाबरली होती, आणि मी बघितलं नाही. तिनं सांगितलं असतं तर औषध देता आलं असतं. धुकं येतं म्हणून मूल मरत नाही. धुक्याच्या आत डॉक्टर औषध देतात. पुष्कळ मुलं त्यातून बाहेर येतात. तूसुद्धा आला होतास मार्चमध्ये, आठवतं?"

कोणी रडलं नाही. मोठ्या मुलांनी खिडकीकडे तोंडं फिरवली. बाजूच्या खाटेवरची एक आई मात्र उठून उभी राहिली आणि "काय हे पोरांसमोर बोलता!" म्हणून माझ्यावर चिडली. तिचं बरोबरच होतं. मी मान खाली घालून ऐकून घेतलं.

तेवढ्यात गौतमनं माझ्या बाहीचं टोक ओढलं. तोंड माझ्या कानाशी आणलं, आणि त्याचा श्वास गरम लागला.

"सिस्टर," तो म्हणाला, "मला पण आहे. कालपासून."